वाचक विचारतात : गेममधलं कॅरेक्टर आणि त्याची फाईल

प्रश्न : माझं कॅरेक्टर थ्रीडी सॉफ्टवेअरमधे मस्त चालतं, पण जीएलटीएफ फॉरमॅटमधे एक्स्पोर्ट करून गेम इंजिनात टाकलं की गुडघे वाकतच नाहीत, पाय काठीसारखे ताठ. एक्स्पोर्ट करताना फाईल फुगत होती म्हणून सॅम्पलिंगची टिक काढली होती. आता एफबीएक्स वापरू का ओबीजे?

उत्तर : ओबीजेचं नावच काढू नका, त्यात हाडं (मॉडेल हलवणारा आतला सांगाडा) पण नाहीत आणि ॲनिमेशन पण नाही, नुसता पुतळा जातो. आणि फॉरमॅट बदलून काही होणार नाही, गडबड त्या टिकमधेच आहे. तुमच्या रिगमधे (त्या सांगाड्याच्या मांडणीत) पाय आयकेवर चालतो ना, म्हणजे तुम्ही फक्त पाऊल हलवता आणि गुडघा किती वाकवायचा ते सॉफ्टवेअर स्वतः काढतं, गुडघ्यावर तुमची एकही की (या वेळेला ही स्थिती, अशी नोंद) नसते. जीएलटीएफला आयके वगैरे काही कळत नाही, त्यात फक्त अमुक सेकंदाला अमुक हाड कुठे आणि किती फिरलेलं एवढंच लिहिलेलं असतं, मग की नसलेला गुडघा वाकणार कसा? सॅम्पलिंग चालू ठेवलं की प्रत्येक फ्रेमला प्रत्येक हाडाची खरी स्थिती मोजून फाईलमधे जाते, यालाच बेक करणं म्हणतात.

साईझचं टेन्शन उगाच घेताय. 60 हाडं, सेकंदाला 30 फ्रेम, एका हाडाच्या फिरण्याला 16 बाईट, म्हणजे एका सेकंदाला 28,800 बाईट झाले बस. 2048 बाय 2048 चं एक टेक्स्चर (मॉडेलवर चढवायचं चित्र) कॉम्प्रेस न करता मेमरीत 16 एमबी खातं, कात्री लावायचीच तर तिकडे लावा.

एफबीएक्स चालेल, पण तो ऑटोडेस्कचा आणि त्याचं स्पेसिफिकेशन खुलं नाही, शिवाय सेंटिमीटर-मीटरच्या घोळात कॅरेक्टर शंभरपट मोठं नाहीतर मुंगीएवढं येतं ते वेगळंच. जीएलटीएफ 2.0 हे क्रोनोस ग्रुपचं 2017 चं खुलं स्टँडर्ड आहे, मी तरी त्यावरच राहीन.

प्रश्न : जुन्या क्वेक 2 मधली माणसं नुसती उभी असली तरी अंग थरथरल्यासारखी का दिसतात?

उत्तर : 1997 च्या त्या गेमचा एमडी2 फॉरमॅट हाडं ठेवतच नाही, प्रत्येक फ्रेमला मॉडेलचे सगळे बिंदू नव्याने लिहितो. जागा वाचवायला प्रत्येक अक्षावर एकच बाईट, म्हणजे बिंदूला बसायला फक्त 256 जागा, त्यामुळे हळू हालचालीत तो मधे कुठे थांबूच शकत नाही, जवळच्या जागेवर टुणकन उडी मारतो. फ्रेम सेकंदाला 10 च, मधलं गेम जुळवून घेतो, पण मुळात बिंदूच सरकलेला असला की थरथर राहतेच. डूम 3 ला 2004 मधे एमडी5 आला तो हाडांवर चालणारा, आणि साधी टेक्स्ट फाईल, नोटपॅडमधे उघडून हाडांची नावं वाचता येतात. हाडाच्या फिरण्याचे चार आकडे लागतात पण फाईलमधे तीनच दिसतील, चौथा त्या तिघांवरून गणित करून निघतो म्हणून लिहिलेलाच नाही, तेव्हा फाईल अर्धवट आहे असं समजून डिलीट करू नका.