प्रीमियर प्रो (व्हिडिओ एडिटिंगचं सॉफ्टवेअर): विसर्जन मिरवणुकीच्या व्हिडिओत ढोल-ताशात निवेदन बुडतंय. दर वाक्याला हाताने कीफ्रेम (आवाज कुठे किती ठेवायचा याच्या खुणा) टाकायचे का?

अजिबात नको. आधी निवेदन आणि ढोल-ताशा वेगवेगळ्या ट्रॅकवर घ्या. मग ऑडिओ ट्रॅक मिक्सरमध्ये ढोलाच्या ट्रॅकचा मोड 'रीड'वरून 'टच'वर न्या आणि प्ले करा. निवेदक बोलायला लागला की फेडर (आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी) 10-12 डेसिबल खाली ओढा, वाक्य संपलं की सोडून द्या. तो आपसूक मूळ जागी येतो, कीफ्रेमही लिहिले जातात. 'राइट' मोड मात्र टाळाच, प्ले केल्याक्षणी आधीचं सगळं पुसत सुटतो. काम झालं की परत 'रीड'.

आणखी एक, पुण्यात लक्ष्मी रोडवर दोन्ही बाजूंच्या इमारतींमुळे ताशा फार घुमतो. रेकॉर्डिंगलाच आवाज फाटला असेल, तर फेडर खाली आणूनही तो फाटकाच राहतो. पुढच्या वेळी रेकॉर्डरची पातळी उणे 12 डेसिबलच्या आसपास ठेवा.