घोड्याच्या 'ड'खाली टिंब का नाही?

इंदूरच्या एका ताईंनी विचारलंय: मुलगा शाळेत हिंदी शिकतो, त्यामुळे मराठीतही 'घोड़ा', 'गाड़ी' असं टिंब देऊन लिहितो. चूक दाखवली तर म्हणतो, "आई, आपण बोलतो तर तसंच ना!"

ताई, मुलाचा कान अगदी बरोबर आहे. 'डबा'तला ड आणि 'घोडा'तला ड मराठीतही वेगळेच. दुसऱ्यात जीभ टाळूला नुसती चाटून जाते. सीतलामाता बाजारातल्या पाट्यांवर 'साड़ी' दिसतं तेही योग्यच, कारण ती हिंदी आहे. मराठीत मात्र शब्दाच्या सुरुवातीला आला की जड ड आणि दोन स्वरांमध्ये आला की हलका, हे जिभेला आपोआप कळतं. हिंदीतही बहुतेक असंच आहे, पण 'रेडियो', 'निडर' असे शब्द ही घडी मोडतात, म्हणून तिथे टिंबाला, म्हणजे नुक्त्याला काम आहे. ('मला सोडा' आणि 'प्यायचा सोडा' ही आपली अडचण वाक्यातच सुटते.)

अक्षरावरची खूण नेहमी उच्चारासाठीच असते असंही नाही. फ्रेंचमध्ये 'किंवा' आणि 'कुठे' या दोन्हींचा उच्चार 'ऊ', अक्षरंही तीच; 'कुठे'वर एक तिरपी रेघ, ती फक्त डोळ्यांसाठी. त्यांच्या 'ओपिताल'मधल्या ओ-वर छोटं छप्पर असतं. इंग्रजी 'हॉस्पिटल'मधला स तिथे गळाला, त्याची ती आठवण. आपली आजी 'नांव', 'गांव' लिहायची ना? ते टिंबही तसंच: 'नाम', 'ग्राम' यांतला म विरघळून उरलेलं. 1962च्या शुद्धलेखन नियमांनी असे न उच्चारले जाणारे अनुस्वार काढले. लिहिणं सोपं झालं, हे खरं. पण जुन्या पत्रांत ते दिसले की मला आजही भरून येतं.

मला विचाराल तर मराठीला टिंबाची खरी गरज ड-ला नाही, च आणि ज-ला आहे. 'जग' म्हणजे दुनिया आणि 'जग' म्हणजे जिवंत राहा, लिहायला एकच, ज मात्र वेगळे. 'चार गाई' आणि 'गाई चार' तसंच. 'चमचा' या एका शब्दात तर दोन्ही च आहेत! पुण्यातलं मूल हे ऐकून शिकतं. आपल्याकडे घराबाहेर पडलं की दिवसभर हिंदी कानावर, म्हणून पोरं 'जातो'सुद्धा हिंदीतल्या 'जाता'च्या ज-ने म्हणतात.

भाचीला वाचायला शिकवताना मी अशा दंत्य, म्हणजे जीभ दातांजवळ टेकवून म्हणायच्या, च-ज खाली पेन्सिलीने बारीक टिंब देत असे. 'चमचा'तल्या दुसऱ्या च-खाली दिलं, पहिला तसाच ठेवला. तिने दोनदा म्हणून पाहिलं आणि स्वतःच 'चाक', 'चूल', 'जावई' शोधून टिंबं द्यायला लागली. वहीत शुद्ध मराठी लिहिताना ती खोडायची, एवढंच सांगितलं होतं. तुमच्या मुलाला टिंबाची हौस आहेच, ताई. ड-खालचं काढायला लावा आणि वाचनाच्या पुस्तकात या च-ज खाली देऊ द्या.