मसाल्याचा धंदा घरूनच आहे, नोंदणी कधी करू?

प्रश्न : मी कोथरूडला राहते, घरी गोडा मसाला करून इन्स्टावर विकते, महिन्याला १५-२० हजार येतात. सगळे म्हणतात जीएसटी काढ, नाहीतर नोटीस येईल. आत्ताच काढू का?

उत्तर : ताई, आधी घाबरणं सोडा. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात माल विकताय तर वर्षाला ४० लाखांच्या विक्रीपर्यंत जीएसटी नोंदणी लागत नाही, तुम्ही त्याच्या आसपासही नाही. पण एक विचारते, बेंगळुरूला कुरिअर करता का? कारण राज्याबाहेर मसाला विकला की ही सूट चालत नाही, पहिल्या पार्सलपासून जीएसटी नंबर काढावा लागतो, आणि इथेच घरगुती धंदेवाले फसतात हो, मनापासून सांगते.

खरी घाई आहे ती एफएसएसएआयची, म्हणजे अन्नसुरक्षा बघणाऱ्या सरकारी संस्थेकडच्या नोंदणीची. खायचा पदार्थ विकताय ना, मग उलाढाल कितीही छोटी असो, ती नोंदणी आजच करा, थांबूच नका.

शॉप ॲक्टला, म्हणजे दुकानं-आस्थापनांच्या कायद्याला, कामाला मोजकीच माणसं असली तर ऑनलाइन नुसती सूचना द्यायची, करंट अकाउंट काढताना बँक तो कागद मागते म्हणून उपयोगी. उद्यम, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, फुकट होतं, आधार-पॅन लागतं, एजंटला पैसे देऊ नका.