शेवटची शिट्टी व्हायची आहे

भुसावळ, १४ नोव्हेंबर २०२४

बेटा,

परवा रात्री पावणेबाराला आलेला तुझा मेसेज मी तीनदा वाचला. उत्तर फोनवर टाइप करण्याएवढं छोटं नाही, म्हणून कागद घेऊन बसलो आहे.

तू लिहिलंस, "नाना, नऊ तारखेला दोन रेड कार्ड झाली तेव्हाच मी टीव्ही बंद केला. सिझनच्या सहाच्या सहा मॅच हरलो, त्यात हे. कॉलेजात पोरं हसतात. भुसावळच्या पोराचा कोलकात्याच्या ईस्ट बंगाल फुटबॉल क्लबशी काय संबंध, असं विचारतात आणि मला उत्तर येत नाही. आता मुंबई सिटी धरतो. निदान आपल्या महाराष्ट्राची तरी आहे."

संबंधाचं नंतर बोलू. तुझ्या पहिल्याच वाक्यानं माझी झोप उडवली. तिसाव्या मिनिटाला टीव्ही बंद केलास? मग पुढच्या साठ मिनिटांत काय झालं ते तुला ठाऊकच नाही. तू स्कोअर वाचला असशील, शून्य-शून्य. स्कोअर वाचणं म्हणजे मॅच बघणं नव्हे रे.

मी बघत होतो. अठ्ठाविसाव्या मिनिटाला नंदकुमार बाहेर गेला. त्यावरून हुज्जत घातली म्हणून दोनच मिनिटांत महेशही बाहेर. मैदानात कोलकात्याच्याच मोहम्मेडन क्लबचे अकरा आणि आपले नऊ. बायकोनं भरीत आणि कळण्याची भाकरी पुढ्यात आणून ठेवली होती, तिला हात लावायचं भान राहिलं नाही. नऊ जण आपल्या पेनल्टी बॉक्सपुढे उभे राहिले. बॉल डावीकडे गेला की सगळे डावीकडे सरकायचे, उजवीकडे गेला की उजवीकडे. एखादा पडला की शेजारचा त्याची जागा भरायचा आणि पडलेला उठून त्याच्या जागी यायचा. रेल्वेच्या शेडमध्ये जड सामान हलवताना आम्ही असेच एकमेकांकडे न बघता सरकायचो. साठ मिनिटं हे चाललं. शिट्टी झाली तेव्हा ते नऊ जण गवतावर आडवे झाले आणि सॉल्ट लेक स्टेडियममधले लोक उभे राहून ओरडत होते. सिझनमधला पहिला पॉइंट, तोही नऊ जणांनी मिळवलेला. या टीमच्या किती ट्रॉफ्या मी पाहिल्यात. त्यातल्या बऱ्याचशा विसरेन, हे विसरणार नाही. आणि हे तुझ्या हातून गेलं, रिमोट तुझ्या हातात असताना.

शेवटची शिट्टी होईपर्यंत उठायचं नाही. तुला सांगण्यासारखं माझ्याकडे एवढंच आहे. पण मला ते कसं कळलं आणि मी ते कसं मोडलं, ते तुला आजवर सांगितलेलं नाही.

आमच्या रेल्वे क्वार्टरमध्ये शेजारी एक बंगाली कुटुंब राहायचं. त्या घरचे कर्ते माझ्या वडिलांबरोबर लोको शेडला होते. सगळे त्यांना दादाच म्हणत. मूळ बरिसालचे, फाळणीत घरदार सोडून आलेले. ईस्ट बंगाल क्लब १९२०चा, म्हणजे फाळणीच्या कितीतरी आधीचा. पण तिकडून उठून आलेल्या लोकांनी तो असा धरला की जणू त्यांच्यासाठीच काढला होता. दादा म्हणायचे, आमचं गाव दुसऱ्या देशात गेलं, आमच्याकडे क्लबच्या नावात तेवढं उरलं.

हावडा मेल भुसावळला आली की दादा प्लॅटफॉर्मवर हजर. डब्यात चढून लोकांनी सीटवर टाकून दिलेले बंगाली पेपर गोळा करायचे आणि काखेत घालून घरी आणायचे. मॅच होऊन गेलेली असायची, आमच्यासाठी ती त्या रात्री व्हायची. १९७५ साली मी तेरा वर्षांचा होतो. ३० सप्टेंबरला आयएफए शील्ड स्पर्धेची फायनल झाली, कोलकात्यातल्याच आपल्या कट्टर प्रतिस्पर्ध्याविरुद्ध, मोहन बागानविरुद्ध. दादा पेपर घेऊन ओट्यावर बसले, आम्ही पाच-सात पोरं खाली. मथळ्यातच लिहिलेलं होतं, पाच-शून्य. आम्ही नाचायला लागलो. दादा ओरडले, "बसा खाली! मॅच अजून सुरू व्हायची आहे." मग पहिल्या ओळीपासून वाचायला लागले. एक ओळ बंगालीत, लगेच तिचं मोडक्या मराठीत. सुरजित सेनगुप्ता, श्याम थापा, रणजित मुखर्जी, पुन्हा श्याम थापा, शुभंकर सन्याल. प्रत्येक गोलला आम्ही नव्यानं ओरडायचो. शेवटची ओळ झाल्यावर त्यांनी पेपराची घडी घातली आणि म्हणाले, "शेष बांशी." शेवटची शिट्टी. तोवर कुणी उठायचं नाही. आमच्या घरी माळकरी आई, मासळीचा वास चालायचा नाही. म्हणून दादांच्या बायकोनं, काकीमांनी, त्या रात्री माझ्यासाठी वेगळे नारळाचे लाडू केले होते.

तुझ्या कॉलेजातल्या पोरांना हा संबंध सांग. भुसावळ हे रेल्वेनं चहूकडून माणसं आणून वाढवलेलं गाव आहे. इथं तमिळ आहेत, बंगाली आहेत, पंजाबी आहेत, आणि त्यांनी आणलेलं बरंच काही आता आपलं आहे. आणि तूच सांग, यंदा २८ जानेवारीला सुपर कपच्या फायनलला तू माझ्या घरी होतास ना? भुवनेश्वरला, ओडिशाविरुद्ध, एक्स्ट्रा टाइममध्ये १११व्या मिनिटाला क्लेटननं गोल केला आणि ३-२ झालं, तेव्हा खुर्चीवरून उडी मारून दिवाणावर कोण चढलं होतं? बारा वर्षांनी देशपातळीवरची ट्रॉफी आली होती. त्या रात्री संबंध कुणी विचारला नाही. तूही विचारला नाहीस. हरल्यावरच बरे हे प्रश्न सुचतात!

रागावलो, माफ कर. पुढचं वाचलंस की कळेल मी कुणावर रागावलो आहे.

१९९७च्या जुलैत मी पास काढून कोलकात्याला गेलो. दादा रिटायर होऊन तिकडे स्थायिक झाले होते. फेडरेशन कपची सेमीफायनल, बागानशी, १३ जुलै, सॉल्ट लेक. त्या दिवशी १,३१,७८१ माणसं होती. आपल्या अख्ख्या भुसावळला त्या स्टेडियममध्ये बसवायचं म्हणजे काय ते डोळ्यांपुढे आण. बागानचे कोच अमल दत्त आपल्या डायमंड सिस्टीमचा, म्हणजे खेळाडू उभे करण्याच्या पद्धतीचा, गाजावाजा करत होते, आपल्याकडे कोच पी. के. बॅनर्जी होते. आपल्या भायचुंग भुतियानं तीन गोल केले, ४-१. शेवटची काही मिनिटं राहिली तेव्हा मी म्हणालो, दादा निघू या, नंतर गर्दीत चेंगरू. त्यांनी माझा शर्ट धरून मला खाली बसवलं. जिंकतानाही उठायचं नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

२००३ला जकार्त्यात आसियान कप जिंकला, तेव्हा त्यांचा फोन आला. देशाची लीग २००२-०३ला जिंकली, २००३-०४ला जिंकली, फोन आले. आणि मग लीग आलीच नाही. २०१०-११ला दुसरे, २०११-१२ला दुसरे, २०१३-१४ला पुन्हा दुसरे, तेही बंगळुरूच्या अगदी नव्या क्लबमागे. दादा तरीही दर डर्बीनंतर, म्हणजे बागानशी मॅच झाली की, फोन करायचे, हरलो तरी. कोण चांगला खेळला, कोणाचा पाय दुखावला होता, सगळं सांगायचे.

त्या वर्षांत माझी नाइट ड्यूटी होती, आई अंथरुणावर होती, घरात दोन पोरींच्या शिक्षणाचा खर्च होता. मी थकलेला असायचो. हे मी स्वतःला आजवर शेकडो वेळा सांगितलं आहे आणि ते खोटं नाही. माझ्या जागी दुसरा कुणी असता तर त्यानंही फोन घ्यायचा कंटाळा केला असता. २०१४ला लीग संपली त्या आठवड्यात फोन आला आणि मी म्हणालो, "दादा, आता देशाची लीग जिंकली की फोन करा."

ते बरं म्हणाले.

त्यांनी शब्द पाळला. कोलकाता लीग आपण २०१०पासून २०१७पर्यंत सलग आठ वेळा जिंकली, पण ती देशाची लीग नव्हती, म्हणून त्यांनी फोन केला नाही. मीही केला नाही. मॅचही बघायचो नाही. २०१७च्या पावसाळ्यात काकीमांचा फोन आला की दादा गेले. म्हणाल्या, "दर सिझनला म्हणायचे, यंदा भुसावळला फोन लागेल."

मी जाऊन भेटून आलो. त्यानं काय होतं! तेव्हापासून एकही मॅच अर्ध्यात सोडलेली नाही. मार्च २०१९मध्ये शेवटच्या दिवशी आपण आपली मॅच जिंकलो, पण तिकडे चेन्नई सिटीही जिंकली आणि एका पॉइंटनं लीग गेली. मी शिट्टीपर्यंत बसलो. २०२०ला इंडियन सुपर लीगमध्ये, म्हणजे आयएसएलमध्ये, आलो. २०२१-२२ला वीस मॅचमध्ये एक जिंकलो, एक! वीसच्या वीस बघितल्या. घरचे म्हणाले, यांना झालंय काय. मला काही झालेलं नव्हतं. मी थकबाकी फेडत होतो.

टीमवर मला राग नाही असं समजू नकोस. २०१८पासून चार वर्षांत तीन गुंतवणूकदार झाले. करारावर सह्या कुणी करायच्या यावरून ऐन भरतीच्या दिवसांत भांडणं. दुसरे क्लब मे-जूनमध्ये खेळाडू घेऊन मोकळे होतात, आपण सिझन तोंडावर आल्यावर जे उरलेत त्यांतून निवडत बसलो. संघ काही एका उन्हाळ्यात उभा राहत नाही. तीन-चार वर्षं तेच डिफेंडर एकमेकांशेजारी खेळले तर त्यांना सरकायला सांगावं लागत नाही. जानेवारीत कप जिंकून देणारा कोच कुआद्रात सप्टेंबरअखेर गेला. नवा कोच ब्रुझॉन आला त्याला महिनाही झाला नव्हता, तर थिम्फूला एएफसीच्या आशियाई स्पर्धेत बांगलादेशच्या बशुंधराला ४-० हरवलं, लेबनॉनच्या नेजमेहला ३-२ हरवलं आणि क्वार्टरफायनल गाठली. म्हणजे टीममध्ये जीव आहे. हे तुझ्या मेसेजमध्ये कुठंच नाही, कारण तू फक्त पॉइंट्सचा तक्ता बघतोस. राग धर, वाट्टेल तेवढा धर. पण बसून धर.

मुंबई सिटीबद्दल मी वाईट बोलणार नाही. चांगला फुटबॉल खेळतात, आयएसएल दोनदा जिंकले आहेत. लहानपणापासून त्यांचाच असतास तर मी चहा पाजून तुझ्याशी भांडलो असतो. पण तू त्यांच्याकडे ते आवडतात म्हणून चाललेला नाहीस, आपण हरतोय म्हणून चालला आहेस. उद्या ते हरले की कुठं जाशील? शेडमध्ये माझा एक मित्र मुंबईच्या महिंद्रा युनायटेडचा. २००५-०६ला त्यांनी लीग जिंकली तेव्हा त्यानं पेढे वाटले होते. २०१०ला टीमच बंद केली. मागे एकदा मला म्हणाला, "तुझं बरं आहे भो, तुझ्याकडे शिव्या द्यायला तरी टीम आहे." हा माणूस अजून दुसऱ्या कुणाचा झालेला नाही.

पोरं हसतात म्हणालास. हसू दे. त्यांच्याशी वैर मात्र धरू नकोस. १६ ऑगस्ट १९८०ला ईडन गार्डन्सवर याच डर्बीत मारामारी झाली आणि १६ माणसं गेली. दादा त्या दिवसानंतर बागानवाल्याला कधी वाईट शब्द बोलले नाहीत. आणि यंदा ऑगस्टमध्ये आर. जी. कर हॉस्पिटलात मारल्या गेलेल्या त्या डॉक्टर मुलीसाठी शहर रस्त्यावर होतं, डर्बी रद्द झाली, तेव्हा १८ तारखेला लाल-सोनेरी आणि हिरवे-मरून शर्ट घातलेली माणसं, मोहम्मेडनचीही, सॉल्ट लेकबाहेर पावसात एकत्र उभी राहिली. दादा असते तर तिथं असते.

२८ जानेवारीच्या रात्री तू घरी गेल्यावर मी फोन हातात घेतला होता. दादांचा नंबर अजून त्यात आहे. ती लीग नव्हती, कपच होता. तरी मी केला असता.

पुढची मॅच २९ तारखेला आहे, शुक्रवारी, नॉर्थईस्टशी, आपल्याच मैदानावर. जळगावहून आलास की घरी दप्तर टाक आणि सरळ इकडे ये. तुझ्या त्या हसणाऱ्या पोरांपैकी कुणाला आणायचं असेल तर आण. वांगी बामणोदची सांगून ठेवली आहेत. मात्र हिला सांगितलंय, ताटं शिट्टी झाल्यावरच वाढायची.

तुझा,
नाना