ऐकणारे वाढले की बिल वाढतं

प्रश्न: ताई नमस्कार, मी मालवणचा. आम्ही तिघे मित्र मिळून छोटा इंटरनेट रेडिओ चालवतो, मालवणी गजाली, दशावतार, भजनं नि मधे मधे मराठी-हिंदी गाणी. ऐकणारे बहुतेक मुंबईचे चाकरमानी आणि आखातात कामाला गेलेली आपली माणसं. जाहिराती म्हणजे एक खानावळ नि एक होमस्टे, बस. आता एका म्युझिक कंपनीने लायसन्सचा आकडा सांगितला तो ऐकून हातपाय गार पडले. एफएमवाले दिवसभर तीच गाणी वाजवतात, त्यांना परवडतं मग आम्हाला का नाय? एक जण म्हणतो अमेरिकेतला सर्व्हर घ्या, सुटाल. खरं काय?

उत्तर: सर्व्हरचं आधी उरकते. काही उपयोग नाही हो. ऐकणारा भारतात म्हटल्यावर इथला कायदा आलाच, आणि अमेरिकेतल्या श्रोत्यांसाठी तिथली वसुली वेगळी आहेच. तिथला मीटर बघाल तर मालवणात बरे आहोत म्हणाल. तिथे इंटरनेट रेडिओला रेकॉर्डिंगसाठी दर गाण्यामागे दर श्रोत्याचे पैसे मोजावे लागतात. मार्च २००७ मध्ये तिथल्या कॉपीराइट रॉयल्टी बोर्डाने दर काढले, २००६ साठी ०.०८ सेंट नि चढत चढत २०१० ला ०.१९, म्हणजे आधीच वाजवून झालेल्या गाण्यांचंही बिल मागाहून आलं. २६ जून २००७ ला कितीतरी स्टेशनांनी निषेध म्हणून दिवसभर गाणी बंद ठेवली, मग २००८-०९ मध्ये कायदा करून तडजोडीला वाट दिली, लहानांना कमाईच्या टक्क्यांवर सवलत मिळाली, पण २०१५ अखेर तीही संपली, छोट्या स्टेशनांना जागा देणाऱ्या लाइव्ह३६५ चे गुंतवणूकदार गेले आणि जानेवारी २०१६ ला ते बंद पडलं (पुढच्या वर्षी परत उघडलं ते सोडा).

२०२१ चा दर ०.२१ सेंट. ऐकायला काहीच नाही ना? मग १०० माणसं दिवसरात्र ऐकतायत धरा, तासाला १५ गाणी, म्हणजे दिवसाला ३६,००० वेळा मीटर पडला, झाले ७५ डॉलर. रोजचे! तुमची खानावळ कुठवर पुरणार? आणि तिथलं एफएम रेकॉर्डिंगच्या मालकाला छदामही देत नाही, फक्त गीतकार-संगीतकारांना देतं. कार्यक्रम गाजला की इंटरनेट रेडिओवाल्याच्याच पोटात गोळा, असला उफराटा धंदा मी दुसरा बघितला नाही.

आता आपल्याकडचं. एफएमला परवडतं कारण २०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात कलम ३१ड आलं, रेडिओवाल्याने नोटीस द्यायची, ठरलेला दर भरायचा, कंपनीला नाही म्हणता येत नाही. इंटरनेटवाल्यांनाही हेच लागू असं आपण धरून चाललो होतो, पण टिप्स (म्युझिक कंपनी) विरुद्ध विंक (गाण्यांचं ॲप) खटल्यात मुंबई हायकोर्टाने एप्रिल २०१९ ला सांगितलं की हे रेडिओ-टीव्हीपुरतंच, आणि ऑक्टोबर २०२२ ला खंडपीठानेही तेच कायम केलं. त्यामुळे तुम्हाला कंपनीच्या दारात जाऊन ती म्हणेल त्या भावावर घासाघीस करावी लागते, आणि तिघा मित्रांच्या रेडिओशी घासाघीस करायला कंपनीला वेळ कुठेय! माझं म्हणणं एवढंच की लहानांसाठी कमाईच्या टक्क्यांवर दर हवा. रॉयल्टीच नको म्हणणाऱ्यांतली मी नाही, गीतकार-संगीतकारांना त्यांचा वाटा मिळायलाच हवा.

तोवर काय कराल? फिल्मी गाणी कमी करा नि आपलं वाढवा. दशावतार, जाखडी, नमन, डबलबारी (दोन बुवांचा भजनाचा सामना), स्वतः रेकॉर्ड करा, पण मंडळाच्या मालकाशी तोंडी ठरवू नका. कागद करा, त्यात इंटरनेटवर वाजवणार हे लिहा, पायपेटीवाला नि मृदंगवाल्याचीही सही घ्या आणि पैसे द्या. डबलबारीत एक गोम आहे. अभंग तुकोबांचा म्हणून शब्द मोकळे, पण बुवा गजराला हमखास फिल्मी चाल लावतात, आणि चाल कोणाची तरी असते, संगीतकार जाऊन ६० वर्षं होईपर्यंत. तसल्या बाऱ्या वेगळ्या काढून ठेवा. जुन्या रेकॉर्डचंही तसंच, प्रसिद्ध होऊन ६० वर्षं झाली की रेकॉर्डिंग मोकळं होतं, त्यातले शब्द नि चाल होतीलच असं नाही. सगळ्यात स्वस्त म्हणजे गजाली, त्याला कोणी बिल लावत नाही.

प्रश्न: लग्नात गाणी वाजवायला लायसन्स लागत नाही असं वाचलं. मग लग्न आमच्या रेडिओवर लाइव्ह केलं तर? (देवगड)

उत्तर: मांडवात नि वरातीत वाजवा खुशाल, कलम ५२ मध्ये लग्नाच्या वरातीला नि त्यासोबतच्या सोहळ्यांना सूट आहे. पण ती सूट तिथल्या वऱ्हाडासाठी, त्या भरवशावर रेडिओवर लाइव्ह जाऊ नका. फारच हौस असेल तर मंगलाष्टकं लाइव्ह करा नि डीजे सुरू झाला की माइक बंद.