ऋतुपर्ण: नाव छानच, पण आधी हाक मारून बघ

म्युनिकहून एका लेकीचं पत्र आलंय. माहेर लक्ष्मीनगर, सासर महाल, म्हणजे दोन्ही घरं नागपूरचीच. जानेवारीत बाळ येणार आहे. मुलगा आहे हे डॉक्टरांनी सांगूनही टाकलंय (तिकडे सांगतात, इथल्यासारखी बंदी नाही). पत्रात चार काळज्या आहेत. त्यातल्या तीन मी शेवटी उरकणार आहे, कारण चौथी नावाची आहे, आणि मुलांच्या नावाचा विषय निघाला की माझा चहा गार होतो हे माझ्या ओळखीच्या सगळ्यांना ठाऊक आहे.

ती लिहिते: ‘काकू, आम्हाला ऋतुपर्ण हे नाव आवडलंय. फारसं कुठे ऐकू येत नाही, म्हणूनच आवडलं. पण सासूबाई म्हणतात, दुसऱ्याच्या बायकोच्या स्वयंवराला धावत गेलेल्या राजाचं नाव आपल्या घरात नको. नवऱ्याचा मित्र म्हणतो, शेवटी ए दिसला की जर्मन लोक मुलगी समजतील. आणि स्पेलिंगमध्ये आरनंतर आय लिहायचा की यू, यावर आम्हा दोघांचं रोज वाजतं. कंटाळून वाटतं, सरळ आर्यन ठेवून मोकळं व्हावं.’

आधी हे शेवटचं वाक्य. जर्मनीत राहून मुलाचं नाव आर्यन? बाई गं, ज्या देशात राहतेस त्याचा गेल्या शतकातला इतिहास तरी आठव! नागपुरात एकाच वर्गात दोन आर्यन असले तरी कुणाला काही वाटत नाही. तिथे बालवाडीच्या दारात तशी हाक मारलीस तर माना वळतील. ते नाव विसर.

आता सासूबाई. त्यांना ही कथा माहीत आहे याचंच मला कौतुक वाटलं, पण त्यांनी ती अर्धीच सांगितली. महाभारताच्या वनपर्वात बृहदश्व ऋषी युधिष्ठिराला नल-दमयंतीची गोष्ट सांगतात. त्यातला ऋतुपर्ण हा अयोध्येचा राजा, इक्ष्वाकू कुळातला, म्हणजे रामाच्या पूर्वजांपैकी. द्यूतात राज्य गमावलेला, कर्कोटक नागाच्या दंशानं रूप पालटलेला नल त्याच्या दारी येतो आणि आपलं नाव ‘बाहुक’ सांगतो. ऋतुपर्ण त्याच्या रूपाकडे बघत नाही. घोड्यांची विद्या येते ना, मग ये, म्हणून अश्वशाळा त्याच्या हाती देतो. परक्या गावात, दुसऱ्याच नावानं नोकरी करणारा माणूस! ऑफिसात समीरचा सॅम आणि जयंतचा जे होऊन पंचवीस वर्षं काढलेल्या आपल्या लोकांना यातलं दुखणं वेगळं सांगायला नको. मला तर वाटतं, तुम्हा परदेशातल्या मंडळींसाठी पुराणातला सगळ्यात चांगला साहेब कोण, तर हा.

आणि स्वयंवराचं म्हणाल तर निरोपच तसा होता. नलाला शोधून काढण्यासाठी दमयंतीनंच ही युक्ती केली होती: नल जिवंत आहे की नाही कळत नाही, म्हणून उद्या सूर्योदयाला मी दुसरा पती निवडणार. एका दिवसात अयोध्येहून विदर्भात रथ आणणारा सारथी जगात एकच, हे तिला ठाऊक होतं. राजा बिचारा धावत आला आणि कुंडिनपुरात बघतो तर ना मांडव, ना दुसरे राजे. दमयंतीचे वडील भीमराजा विचारतात, कसं येणं केलंत? तर हा म्हणतो, सहज, तुम्हाला वंदन करायला आलो. पाहुण्यानं अशी वेळ मारून नेली की महालातल्या सासवा त्याला शहाणा म्हणतात, तेव्हा सासूबाईंनी राग सोडावा. शिवाय ते कुंडिनपूर म्हणजे आपलंच कौंडण्यपूर, अमरावती जिल्ह्यात वर्धा नदीच्या काठी. रुक्मिणीचं माहेरही तेच. नाव अयोध्येच्या राजाचं असलं, तरी त्याची गोष्ट आपल्याच अंगणात येऊन संपते.

मला सगळ्यात आवडतो तो वाटेतला प्रसंग. रथ भरधाव चाललाय, राजाचं उपरणं पडतं, तो म्हणतो थांब, आणि बाहुक सांगतो की ते एक योजन मागे राहिलं. मग राजाही आपली विद्या दाखवतो. समोरच्या बेहड्याच्या झाडाकडे नुसतं बघून सांगतो, दोन फांद्यांवर पाच कोटी पानं आणि 2095 फळं. नलाचा विश्वास बसत नाही, तो रथ थांबवून झाड तोडून मोजतो, आणि आकडा बरोबर निघतो! जुन्या काळी फासे म्हणून बेहड्याचीच फळं वापरत, म्हणून ही मोजणी म्हणजे द्यूताचं मर्म. ते अक्षहृदय, म्हणजे फाशांची गुप्त विद्या, ऋतुपर्ण नलाला देतो आणि ज्यानं अंगात शिरून नलाला द्यूतात हरवलं तो कली त्याच क्षणी बाहेर पडतो.

आता नावाचा अर्थ बघ. ऋतु म्हणजे ऋतू, योग्य वेळ. पर्ण म्हणजे पान, आणि पंखसुद्धा, म्हणून तर गरुडाला सुपर्ण म्हणतात. ज्याच्या नावात पान आहे तोच झाडाची पानं मोजतो, हे ज्यानं रचलं त्याला माझा नमस्कार. इंटरनेटवर ‘भाग्यवान’, ‘तेजस्वी’ असे जे अर्थ या नावासमोर लिहिलेले दिसतील, ते सोडून दे. तसे अर्थ तिथे प्रत्येकच नावाला चिकटवलेले असतात.

आपल्याकडे ऋतुजा पुष्कळ, ऋतुराजही आता बरेच, पण मुलगा ऋतुपर्ण क्वचितच. बंगालमध्ये मात्र हे नाव सगळ्यांच्या तोंडी आहे, ते दिग्दर्शक ऋतुपर्ण घोष यांच्यामुळे. अभिनेत्री ऋतुपर्णा सेनगुप्ता यांच्यामुळे मुलीचं रूपही ओळखीचं. तिथे उच्चार होतो ‘रितुपर्णो’.

इथेच आपण तुमच्या भांडणावर आलो, आणि माझ्या वेडावरही.

ऋ हा मुळात स्वर. त्याचा जुना उच्चार ना रि, ना रु. हिंदी आणि बंगालीनं रि धरला, मराठी, गुजराती, ओडियानं रु. चूक कुणाचीच नाही. नागपुरात घोळ जास्त, कारण 1956 पर्यंत आपलं शहर मध्य प्रदेशाची राजधानी होतं आणि हिंदी-मराठी एकाच गल्लीत नांदत आल्या. एकाच घरात आजोबा ‘रुषी’ म्हणणार आणि शेजारचे शर्माजी ‘रिशी’.

आम्ही ओहायोत होतो तेव्हा मुलाचं नाव हृषीकेश ठेवलं आणि कागदावर आरनंतर आय लिहिला. का, तर मला ते जास्त शुद्ध वाटलं. शिकलेली होते ना! शाळेत तो ‘रिशी’ झाला, घरीही आम्ही नकळत तेच म्हणू लागलो. सहा वर्षांचा असताना त्याला नागपूरला आणलं. माझ्या सासूबाई स्वयंपाकघरातून ‘रुषी, पोहे खाऊन घे’ म्हणून तीनदा ओरडल्या. पोरगं ओसरीवर बसलेलं, मान वर करेना. त्या बाहेर आल्या, ‘काहून रे, आवाज देऊन राहिली ना मी!’ आणि त्यानं मला इंग्रजीत विचारलं, आजी कोणाला बोलावते आहे? सासूबाई काही बोलल्या नाहीत. पुढचा महिनाभर त्या त्याला ‘बाळ’ म्हणत होत्या. मला अजून ते आठवलं की बरं वाटत नाही, आणि म्हणून जो भेटेल त्याला मी हे ऐकवते. आमचे हे म्हणतात, तुझ्या रुकाराचं पुराण पुरे. मी काही पुरे करणार नाही.

तेव्हा यू लिहा. क्रिकेटर ऋतुराज गायकवाड यूनंच लिहितो, त्याचं कुठे अडलं? शिवाय जर्मनीत तर तुमची सोयच आहे. जर्मन माणूस यू वाचतो तो सरळ ‘उ’ म्हणून. त चा ट होईल, पण तो टी लिहा की टीएच, होणारच. आणि घाई करू नका असंही सांगते. फॉर्म भरण्याआधी आठवडाभर रोज एकदा मोठ्यानं हाक मारा, पोटातल्या बाळालाच मारा. दोन्ही आज्यांना फोनवर मारायला लावा. जीभ अडखळली तर आत्ताच कळेल. एकदा जन्मदाखल्यावर चढलं की भारतीय पासपोर्टवर तेच येतं, आणि मग एक अक्षर बदलायला किती खेटे पडतात ते मी भोगलंय.

मुलगी समजतील ही भीती फार मोठी नाही. 2008 साली जर्मनीच्या घटना न्यायालयानं निकाल दिलाय की नावावरून मुलगा-मुलगी कळत नाही एवढ्याच कारणासाठी नाव नाकारता येत नाही. आणि ते प्रकरण कुणाचं होतं माहीत आहे? ‘किरण’ नावाच्या मुलीचं! आपल्याकडे शाळेत प्रत्येक किरणला विचारावं लागतं तू कोण, तेच जर्मनीत कोर्टापर्यंत गेलं. तरी धाकधूक असेल तर शेवटचा ए गाळा, र्ण वर संपवा. कर्ण, सुवर्ण असे शब्द म्हणणाऱ्या मराठी जिभेला तो लहानसा अ आपोआप येतो.

बाकीचं थोडक्यात. सासूबाईंना ‘सहा महिने राहा’ म्हणून कबूल करून बसलीस, पण शेंगेनच्या साध्या व्हिसावर कुठल्याही 180 दिवसांत 90च दिवस राहता येतं. तिकीट काढण्याआधी त्यांना सांग, नंतर रुसवा नको. डिंकाचे लाडू सामानात आणता येतील का हे तिकडच्या कस्टमला विचार, तूप घातलंय हे लपवू नकोस. बाळाशी मराठी बोलावं की जर्मन, हा प्रश्न तू मला मराठीत चार पानं लिहून विचारतेस, यातच उत्तर आलं.

बारशाला आत्या नागपुरातच असणार म्हणतेस. मग फोन बाळाच्या कानाशी धर आणि ‘कुर्रर्र’ झाल्यावर तिला सावकाश म्हणायला सांग. रु, रि नाही.