क्वांटम ऑप्टिक्सला गेलो तर क्वांटम कॉम्प्युटिंग हातचं जाईल का?

तुम्हाला ओढ क्वांटम कॉम्प्युटिंगची आहे आणि जागा मिळतेय क्वांटम ऑप्टिक्सच्या, म्हणजे प्रकाशकण आणि अणू यांचा एकमेकांशी खेळ अभ्यासणाऱ्या प्रयोगशाळेत. आरसे आणि लेझर जुळवण्यात वर्षं वाया जातील का, असं तुम्ही विचारलंय. मी आयन ट्रॅपवर, म्हणजे आयन (विद्युतभारित अणू) पकडून ठेवणाऱ्या सापळ्यावर पीएचडी केली आहे. माझं उत्तर: मुळीच नाही, बिनधास्त जा.

नोबेलविजेते भौतिकशास्त्रज्ञ डेव्हिड वाइनलँड यांची कारकीर्द बघा. १९७० मध्ये हार्वर्डला नॉर्मन रॅमसे यांच्या हाताखाली त्यांनी पीएचडी केली, ती ड्युटेरियम मेसरवर (मेसर म्हणजे लेझरचाच सूक्ष्मतरंगांवर चालणारा भाऊ). १९७५ मध्ये ते बोल्डरच्या राष्ट्रीय मानक संस्थेत, म्हणजे आजच्या निस्टमध्ये गेले. ध्यास एकच, अचूक अणुघड्याळ. आयन हलत राहिला की डॉप्लर परिणामामुळे (गतीमुळे लहरींची वारंवारता बदललेली भासते) त्याची वारंवारता, म्हणजे घड्याळाची टिकटिक सरकते, म्हणून त्याला शांत करायला हवं. १९७८ मध्ये त्यांच्या गटाने मॅग्नेशियमचे आयन लेझरने थंड केले, म्हणजे त्यांची हालचाल मंदावली. १९८९ मध्ये पाऱ्याचा एकच आयन कंपनाच्या सर्वांत खालच्या पातळीवर आणून ठेवला. हे सगळं घड्याळासाठी चाललं होतं.

१९९४ मध्ये क्वांटम संगणकावर मोठ्या संख्यांचे अवयव झटपट पाडण्याचा पीटर शोर यांचा अल्गोरिदम आला आणि क्वांटम संगणकाकडे सगळ्यांचं लक्ष गेलं. मे १९९५ मध्ये सिराक आणि झोलर यांनी थंड आयनांपासून क्वांटम गेट, म्हणजे क्वांटम संगणकाची एक मूलभूत क्रिया, कशी बनेल ते कागदावर मांडलं. हे दोघेही क्वांटम ऑप्टिक्सचेच सिद्धांतकार. त्याच डिसेंबरमध्ये ख्रिस मन्रो, वाइनलँड आणि सहकाऱ्यांचा प्रयोग छापून आला. बेरिलियमचा एकच आयन, एक क्यूबिट (क्वांटम संगणकाचा बिट) त्याच्या अंतर्गत अवस्थांत, दुसरा त्याच्या कंपनात, आणि त्यांच्यामध्ये नियंत्रित-नॉट गेट, म्हणजे एक क्यूबिट १ असेल तरच दुसरा उलटवणारं! सात महिन्यांत हे जमलं, कारण आयन पकडणं, थंड करणं, त्याची अवस्था वाचणं हे सगळं त्यांच्या हातात आधीच बसलं होतं.

पुढचा भाग मला जास्त आवडतो. ॲल्युमिनियमचा आयन घड्याळासाठी उत्तम, पण तो थेट थंड करायला १६७ नॅनोमीटरचा लेझर लागतो, आणि तसा लेझर बनवणं फार अवघड. मग त्याच्या शेजारी दुसऱ्या मूलद्रव्याचा आयन पकडला. दोघांचं कंपन सामाईक, त्यामुळे शेजाऱ्याला थंड केलं की ॲल्युमिनियमही थंड होतो, आणि त्याची अवस्था शेजाऱ्याकडून वाचता येते. ही युक्ती सरळ क्वांटम गेटवरून आलेली. २०१० मध्ये अशी दोन घड्याळं एकमेकांशी ताडून पाहिली. एक जेमतेम ३३ सेंटिमीटर उचललं, तर ते वेगाने चालल्याचं मोजता आलं. २०१२ चं नोबेल वाइनलँड यांना सर्ज आरोश यांच्यासोबत मिळालं.

तुमच्या प्रयोगशाळेत आयन नसतील, फोटॉन (प्रकाशकण) असतील, तरी हेच लागू. निल, लाफ्लाम आणि मिलबर्न यांनी २००१ मध्ये दाखवलं की एकेक फोटॉन, अर्धपारदर्शक आरसे आणि डिटेक्टर एवढ्यावरही क्वांटम संगणन तत्त्वतः शक्य आहे. प्रवेश घेतलात तर प्राध्यापकांना सांगून हाँग-ऊ-मँडेल प्रयोग स्वतःच्या हाताने उभा करा. दोन एकसारखे फोटॉन अर्धपारदर्शक आरशावर दोन बाजूंनी एकाच वेळी पोचले की ते नेहमी एकाच बाजूने बाहेर पडतात. दोन्ही बाजूंच्या डिटेक्टरांत एकाच वेळी फोटॉन सापडण्याचा आलेख पडद्यावर खाली बुडताना दिसला, की फोटॉनचं गेट कुठून सुरू होतं ते तुम्हाला कळेल.